सांगाडा

खेळण्यातील मोटार म्हटली, की मुलांच्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. जी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोहोचते, ती गाडी उत्तम, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. परंतु खेळण्यांच्या जगात एक गाडी अशीही आहे, की जिची सारी प्रतिष्ठा तिच्या संथपणात साठवलेली असते. ती धावत नाही, ती चढते. दगडधोंडे, कपारी आणि उभे कातळ हीच तिची वाट. एखादी घोरपड जशी कातळाला बिलगून वर सरकते, तशी ही गाडी एकेक चाक नेमक्या जागी टेकवीत, क्षणभर थांबत, पुन्हा जोर धरीत माथा गाठते. इंग्रजीत तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. मराठीत तिला ‘खडकचढी’ म्हणावयास हरकत नाही.

ही गाडी आकाराने बहुधा खऱ्या मोटारीच्या एक दशांश असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये सुमारे तीस सेंटिमीटरांचे अंतर असते. ती चालविणारा दूर उभा राहतो. त्याच्या हातातील नियंत्रकाची कळ फिरली, की त्याची आज्ञा रेडिओ लहरींवर स्वार होऊन गाडीपर्यंत पोहोचते. ही विद्या तशी जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला या संशोधकाने न्यूयॉर्क शहरातील एका प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक छोटीशी नाव सोडली होती. तिला दोरी नव्हती, तिच्यात माणूस नव्हता. तरीही दूर उभ्या असलेल्या टेस्लाच्या इच्छेप्रमाणे ती वळत होती. आजच्या सर्व रेडिओनियंत्रित वाहनांची ती आजीच म्हणावी लागेल.

खडकचढीच्या पोटात एक लहानशी विजेची मोटर असते. ती मिनिटाला हजारो फेरे घेते. परंतु दंतचक्रांची एक रांगच्या रांग त्या वेगाला आवर घालते आणि वेगाच्या बदल्यात बळ मिळविते. साध्या मोटारीचे एक चाक अधांतरी राहिले, तर तेच भिरभिर फिरत राहते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. खडकचढीच्या आसावर मात्र दोन्ही चाके एकमेकांशी जखडलेली असतात. एक अधांतरी असले, तरी दुसरे आपले काम सोडीत नाही.

लहरी आज्ञा देतात, मोटर बळ देते, चाके वाट काढतात. परंतु या सर्वांना आपापल्या जागी धरून ठेवतो कोण? तो असतो सांगाडा. मोटारींच्या कारखान्यात त्याला ‘चॅसी’ म्हणतात. माणसाच्या शरीरात हाडांचे जे स्थान, तेच गाडीत सांगाड्याचे. सुंदर रंगाच्या टपाखाली तो झाकून जातो. गाडी पाहणारा तिचा रंग वाखाणतो, चाके वाखाणतो. सांगाड्याची आठवण कोणालाच होत नाही. ती होते तेव्हा सांगाडा मोडलेला असतो.

अशीच आठवण सोलापुरातील एका मुलाला झाली. सोलापूर हे मागांचे शहर. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे कालांतराने जुन्या गिरण्यांची धुराडी थंड झाली. परंतु चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट शहराच्या पूर्वभागात आजही ऐकू येतो. शहराबाहेर पडले, की काळ्या जमिनीतून काळा कातळ ठिकठिकाणी डोके वर काढतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर थिजून हा कातळ तयार झाला. खडकचढी गाडीला याहून चांगले मैदान कोणते असणार!

सातवीत शिकणाऱ्या त्या मुलाला त्याच्या आतेभावाने आपली जुनी खडकचढी गाडी देऊन टाकली होती. तिची मोटर ठीक होती, चाकेही ठीक होती. मात्र प्लास्टिकचा सांगाडा मधोमध तडकला होता. मुलाने त्यावर डिंक लावला, दोरी गुंडाळली, चिकटपट्टी चढविली. उतारावर गाडी कशीबशी चाले. दगडावर चढताच तडा उघडे आणि दंतचक्रे एकमेकांना सोडून कर्रकर्र ओरडू लागत. अखेर दिवाळीच्या सुट्टीत तो गाडी काखेत मारून मामाकडे गेला.

मामा एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करणे, त्यांची जुळणी करणे हे जॉबरचे काम. घराच्या पडवीत त्याने स्वतःचे छोटेसे दुकान मांडले होते : एक वाइस, लोखंड कापण्याची करवत, ड्रिल, दोन हातोड्या आणि लहानमोठ्या सात कानशी. मामाने गाडी उलटी करून पाहिली आणि तो हसला.

“मामा, हे जुळेल का?” मुलाने विचारले.

“जुळवून काय करतोस? नवा सांगाडा कर, लोखंडाचा.”

“मला येईल?”

“अरे, माग पाहिलास ना तू? त्याला असते काय? दोन बाजू आणि त्या बाजूंना धरून ठेवणारे आडवे दांडे. याचेही तसेच. माग मोठा आणि ही गाडी लहान, एवढाच फरक.”

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. परंतु पहिले दोन दिवस मामाने मुलाला धातूला हातही लावू दिला नाही. आधी कागदावर मापे, मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा सांगाडा. पुढचा आस कोठे येईल, मागचा कोठे, मोटर कोठे बसेल, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांची वरची टोके कोठे अडकतील, हे सर्व पुठ्ठ्यावर ठरले. पुठ्ठा चुकला तर फेकून देता येतो. धातू चुकला तर जीव हळहळतो.

मग प्रश्न आला धातूचा. मुलाचे मन ॲल्युमिनियमकडे ओढ घेत होते, कारण ते चकचकीत आणि हलके. मामाने त्याला हिशेब मांडावयास सांगितले. ३५० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड अशा पट्टीचे आकारमान २१ घन सेंटिमीटर होते. ती पट्टी पोलादाची असेल, तर तिचे वजन सुमारे १६५ ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची असेल, तर अवघे ५७ ग्रॅम. वजनात ॲल्युमिनियम जिंकले. परंतु तेवढ्याच आकाराची पोलादी पट्टी वाकविण्यास जवळजवळ तिप्पट जोर लागतो. शिवाय ॲल्युमिनियमचे कित्येक कठीण मिश्रधातू काटकोनात दुमडताना कोपऱ्यावर तडकतात. साधे मऊ पोलाद तडकत नाही, आणि खडकावर आपटून वाकलेच तर ठोकून पुन्हा सरळ करता येते. शेवटी पोलादाचा पत्रा ठरला.

मामाने त्या पत्र्याचा एक लांबट तुकडा मुलाच्या हाती देऊन म्हटले, “वाकव.” मुलाने दोन्ही टोके धरून जोर केला, तेव्हा तो धनुष्यासारखा वाकला. मग मामाने वाइसमध्ये धरून त्याच्या दोन्ही कडा काटकोनात दुमडल्या, तुकड्याची पन्हळ केली आणि पुन्हा म्हटले, “आता वाकव.” मुलाचा चेहरा लाल झाला, पन्हळ जशीच्या तशी. धातू तोच, वजन तेच. फक्त आकार बदलला आणि दुबळेपणाचे बळ झाले. ज्याला ही गंमत पाहावयाची असेल, त्याने एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर आडवे ठेवून त्यावर एक नाणे ठेवावे, आणि मग त्याच कार्डाच्या दोन्ही लांब कडा दुमडून पुन्हा नाणी ठेवून पाहावी.

पत्र्यातून दोन पट्ट्या कापून निघाल्या. कडा कानशीने साफ झाल्या. आता भोके पाडावयाची होती. प्रत्येक भोक तीन मिलिमीटरांच्या बोल्टसाठी. मामाने आखणी करविली, प्रत्येक खुणेवर पंच ठेवून हलकी टिचकी मारावयास शिकविले. कारण त्या खळगीवाचून ड्रिलचे टोक गुळगुळीत पत्र्यावरून घसरते. आणि एक गोष्ट त्याने दोनदा बजावली :

“दोन्ही पट्ट्या एकावर एक घट्ट आवळ आणि एकदमच भोके पाड. मग भोक चुकले तरी दोन्हीकडे सारखेच चुकेल. गाडी वाकडी होणार नाही. वेगवेगळी पाडशील, तर दोन बाजू दोन गावांच्या होतील.”

पुढच्या अर्ध्या भागातील भोके याच रीतीने पडली. तेवढ्यात कारखान्यातून मामाला बोलावणे आले; एक माग बंद पडला होता. मामा गेला. संध्याकाळ होत आली होती. आवळलेल्या पट्ट्या किंचित सरकल्या, म्हणून मुलाने त्या सोडल्या. पुन्हा नीट जुळवून आवळण्याचा कंटाळा आला. खुणा तर दोन्ही पट्ट्यांवर होत्याच! त्याने मागची भोके प्रत्येक पट्टीवर वेगळी पाडली.

तीन भोके बरोबर आली. चौथे मात्र दोन मिलिमीटर पुढे गेले. नेमके तेच, ज्यात मागचा आस धरून ठेवणारी दांडी अडकावयाची होती. मुलाने बारीक गोल कानस घेतली आणि ते भोक मागच्या बाजूला घासून लांबोडके केले. बोल्ट बसला. वर वायसर घातला, तेव्हा खालचे काही दिसेना. पट्ट्यांच्या कडा दुमडल्या गेल्या, आडवे दांडे बसले, काळा रंग चढला. आता तर कोणालाच काही दिसण्याचा संभव उरला नाही.

मामाने तयार सांगाडा हाती घेऊन पिळून पाहिला. मुलाने तो शहाबादी फरशीवर ठेवला, तेव्हा मामा म्हणाला, “फरशीवर भरवसा ठेवू नये, तीच कोठे सपाट असते?” त्याने आरशाची काच आडवी ठेवून तीवर सांगाडा ठेवला. चारही कोपरे टेकले. कोठेही डुगडुग नाही. मुलाचा जीव भांड्यात पडला.

पुढचा दिवस तोल साधण्यात गेला. गाडीच्या सर्व भारांचा मिळून एक बिंदू असतो. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. डाव्या आणि उजव्या चाकांमध्ये वीस सेंटिमीटर अंतर असेल आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून दहा सेंटिमीटर उंच असेल, तर आडव्या उतारावर ४५ अंशांचा कल होताच गाडी उलटते. तोच बिंदू पाच सेंटिमीटरांवर उतरविला, तर ती सुमारे ६३ अंशांपर्यंत तग धरते. हे गणित कळल्यावर मुलाने जड बॅटरी वरच्या फळीवरून काढून सांगाड्याच्या दोन बाजूंच्या मध्ये, अगदी खाली आणि पुढच्या आसाजवळ बसविली. पुढे भार असला, म्हणजे चढावर गाडीचे नाक उचलले जात नाही. डोक्यावर ओझे घेऊन घाट चढणारी माणसे पुढे का झुकतात, तेही त्याला त्या दिवशी उमगले.

मग गाडी माळावर गेली. गुडघ्याएवढ्या उंचीचा एक काळा खडक मुलाने आधीच हेरून ठेवला होता. गाडी चढू लागली. पुढची चाके कपारीत रुतली, वर आली. नवा सांगाडा जराही लवला नाही. अर्धी चढण झाली. मागचे उजवे चाक एका खाचेत अडकले. मोटरने जोर केला, आणि त्या जोराने लांबोडक्या भोकातील बोल्ट दोन मिलिमीटर सरकला. दोनच मिलिमीटर! परंतु त्यामुळे मागचा आस तिरका झाला, चाक सांगाड्याला घासू लागले आणि गाडी कुशीवर पडून खाली घरंगळली. मुलाने बोल्ट आवळून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदाही तेच.

मामाने गाडी उचलली. त्याने उजवी बाजू पाहिली, डावी बाजू पाहिली आणि त्या वायसरवर बोट ठेवून शांतपणे विचारले, “याच्याखालचे भोक गोल आहे का रे?”

मुलगा खाली पाहत राहिला. मामा रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “गाडी तुझी आहे. आणखी एक वायसर घालून आवळली, तर अंगणात फिरेल. चार जणांना दाखवशील, तर चारही जण छान म्हणतील. खडक मात्र म्हणणार नाही. काय करावयाचे ते तू ठरव.”

सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. एक पट्टी बदलून भागणार नव्हते; कारण कडा दुमडलेल्या जुन्या पट्टीवर नवी पट्टी सपाट आवळता येत नाही. दोन्ही बाजू नव्याने करावयास हव्या होत्या. त्या रात्री मुलगा बराच वेळ जागा होता. अंगणात फिरणारी गाडी काही वाईट नव्हती. तिला पाहून मित्रांनी टाळ्याच वाजविल्या असत्या. परंतु त्या टाळ्यांच्या मध्ये आपल्याला सतत तो वायसरच दिसत राहील, हे त्याला कळून चुकले. वस्तू दुसऱ्याने केलेली असली, की तिचे दोष आपल्याला ठाऊक नसतात. वस्तू स्वतः केली, की तिच्यातील एक भोकही आपल्याला विसरता येत नाही. स्वतःच्या हाताने काम करण्यातला आनंद जेवढा मोठा, तेवढीच ही जबाबदारीही मोठी.

सकाळी मामा उठला, तेव्हा पडवीतून करवतीचा आवाज येत होता. या वेळी दोन्ही पट्ट्या एकावर एक आवळल्या गेल्या, आणि शेवटचे भोक पडेपर्यंत त्या सुटल्या नाहीत. ज्या कामाला पूर्वी पाच दिवस लागले होते, ते दीड दिवसात झाले. हात आता शहाणे झाले होते. रंग द्यावयास मात्र वेळ उरला नाही. उघड्या पोलादाचा करडा सांगाडा घेऊनच गाडी सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी माळावर गेली. त्याच खाचेत तेच चाक अडकले. मोटरने जोर केला. बोल्ट जागचा हलला नाही. चाकाने खडक धरला, गाडी इंचाइंचाने वर सरकली आणि माथ्यावर जाऊन उभी राहिली. तेथे टाळ्या वाजविणारे कोणी नव्हते. मामाने खिशातून रुमाल काढून गाडीवरची धूळ पुसली, तेवढेच.

खडकचढी गाडी हे मुलांचे खेळणे खरे. तथापि तिची मोठी बहीण माणसाने फार दूरच्या मातीवर चालविली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले आणि त्यातून ‘प्रज्ञान’ नावाची सहा चाकांची गाडी बाहेर आली. तिचे वजन अवघे २६ किलोग्रॅम. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. मुंगीसुद्धा तिला सहज मागे टाकील! तिच्या सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरीने जोडलेले बाहू होते. एक चाक दगडावर चढले, तरी बाकीची चाके जमिनीला धरून राहावीत अशी ती योजना होती. २७ ऑगस्ट रोजी तिच्या वाटेत तीन मीटरांवर एक विवर दिसले. त्याचा व्यास होता चार मीटर. पृथ्वीवरून आज्ञा गेली, गाडीने आल्या वाटेने माघार घेतली आणि ती दुसऱ्या सुरक्षित वाटेला लागली. जी गाडी सुसाट धावली असती, तिला त्या विवराच्या काठावर विचार करण्यास सवड कोठून मिळाली असती? हळू चालणे म्हणजे पाहत पाहत चालणे होय.

काही दिवसांत प्रज्ञानने शंभर मीटरांहून अधिक अंतर कापले. पुढे सप्टेंबरच्या आरंभी चंद्रावरची रात्र जवळ आली, तेव्हा तिला निद्रिस्त करण्यात आले. ती पुन्हा जागी झाली नाही. आजही ती तेथेच उभी आहे. ती चालत होती त्या दिवसांत तिचा एखादा बोल्ट सरकला असता, तर तो आवळावयास तेथे कोणी जाऊ शकणार नव्हते. कानस घेऊन भोक घासणारा हात तेथे नव्हता आणि झाकून टाकणारा वायसरही नव्हता. चंद्रावर जे जे खरे ठरावयाचे होते, ते सारे आधी पृथ्वीवरच, कोणाच्या तरी टेबलावर, कोणी पाहत नसताना खरे होऊन गेले होते.